पोलादातला दाणा

गफूरभाई,

गेल्या आठवड्यात औशाच्या कबरस्तानातून बाहेर पडताना साहेब काय म्हणाले, ते तुमच्या कानावर गेलं नाही हे एक बरं झालं. तुम्हाला माती देऊन आम्ही सगळे हात धुवायला नळापाशी थांबलो होतो. साहेब आता काठी टेकत चालतात, पण आवाज अजून कचेरीतलाच आहे. ते म्हणाले, "माणूस सोन्यासारखा होता. तेवढं एक आट्यांचं प्रकरण सोडलं, तर नाव ठेवायला जागा नव्हती." चारपाच जणांनी माना डोलावल्या. त्यांतला एक मी होतो.

तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. साहेबांवर राग आहे, तो जुना आहे. माना डोलावणाऱ्यांवर राग आहे, त्या बिचाऱ्यांना तर काही ठाऊकच नाही. माझ्यावर किती आहे ते पुढे येईलच. पण खरं सांगतो, थोडा तुमच्यावरही आहे. चाळीस वर्षांत एकदा तरी माझी गचांडी धरून विचारायचं होतंत. मी आलो की तुम्ही नुसता चहा मागवत राहिलात.

हे ऐकणाऱ्यांना आपली ओळख कशी झाली ते कळायला हवं, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलं पुन्हा सांगतो. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. उस्मानाबादहून फायली ट्रकमध्ये भरून येत होत्या. कचेऱ्या भाड्याच्या घरांत बसत होत्या, एका खोलीत रस्ते आणि दुसऱ्या खोलीत पाणी. नेमका तेव्हाच पावसाने दगा दिला. विहिरींचे तळ उघडे पडले आणि गावोगाव बोअर पाडून हापसे बसवायची घाई सुटली. हापशाच्या नळातून खाली पाण्यापर्यंत सळई जाते, एकीला एक अशा अनेक जोडून. एरवी ती कारखान्यातून टोकांना जोडणीचे आटे पाडून तयार येते. त्या वर्षी पुरेना, म्हणून कोऱ्या सळयांचे भारे मागवले आणि त्यांना आटे पाडायचं काम तुमच्याकडे आलं. लेथवर तुमच्यासारखा हात त्या भागात दुसऱ्या कुणाचा नव्हता. तुम्ही पाण्याच्या कचेरीच्या वर्कशॉपात रोजंदारीवर होतात, आणि साहेब तिथले मुख्य इंजिनियर. मी नांदेडला एका तपासणी प्रयोगशाळेत सहायक होतो. उमरीच्या आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी. हे सहानुभूतीसाठी सांगत नाही. पुढे मी जे केलं, ते ती टिकवण्यासाठी केलं, म्हणून सांगतो.

नमुन्याच्या सळया घेऊन तुम्ही एसटीने नांदेडला आलात, तेव्हा अहमदपूरपासून कंडक्टरशी तुमचं वाजलेलं होतं. सळया सीटखाली मावेनात आणि टपावर टाकायला तुम्ही तयार नव्हतात, वाकतील म्हणून. आमच्याकडे सळई यंत्रात दोन्ही टोकांना पकडून तुटेपर्यंत ओढायची आणि काटा कुठवर गेला ते लिहायचं, एवढीच चाचणी होती. तुम्ही हात मागे बांधून बघत उभे होतात. सळई मध्ये बारीक होत गेली आणि फाटकन तुटली. मी आकडा टिपला आणि पास म्हणालो. तुम्ही तुटका तुकडा उचलून खिडकीपाशी नेलात.

"मास्तर, ही एका झटक्यात तुटत न्हाई, बरंच हाय," तुम्ही म्हणालात. "पन हापसा काय एकदाच ओढतेत का?"

मी मास्तर नव्हतो, पण तुम्ही एकदा नाव ठेवलं की ते चिकटायचं. आणि मी तेव्हा पुस्तकी हसू हसलो, हेही मला आठवतं. तुम्हाला खाली बसवून समजावलं की त्याला पोलादाचा थकवा म्हणतात, एकदा ओढल्यावर जे टिकतं ते लाख वेळा ओढल्यावर टिकेलच असं नाही, आणि थकव्याची चाचणी करायचं यंत्र आमच्याकडे नाही. तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत. मग गालातल्या गालात हसत म्हणालात की लोखंडाला थकवा येतो हे तुम्हाला आजच कळलं, पण तुमच्या साहेबांच्या मते बायकांना येत नाही. त्या सुमारास कचेरीने एक फतवा काढला होता: हापसे बिघडतात कारण बायका दांडा आपटतात. पाण्याची पातळी खाली गेल्यामुळे खालची सळई लांब झाली होती आणि ओझं वाढलं होतं. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दांडा थांबत नव्हता. पण फतवा काढणाऱ्याने स्वतः एक घागर कधी हापसली असेल, असं मला वाटत नाही.

तुमची स्वतःची चाचणी होती. प्रत्येक भाऱ्यातली एक सळई काढून करवतीने अर्धी कापायची, शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळायची आणि घणाच्या एका घावात मोडायची. मग मोडलेल्या तोंडाचा रवा बघायचा, बारीक की भरड. दुसरी सळई लेथवर सोलून, पॉलिश पेपरने घासून आरशासारखी करायची आणि सकाळचं ऊन तिरपं असताना दारात धरून फिरवायची. तिच्या अंगावर लांबच लांब काळी रेघ दिसली की भारा बाजूला. रेघ नसेल तर तुम्ही म्हणायचात, "ही पाक हाय." तुम्ही पाक म्हटलेल्या सळईलाच आटे पडायचे. कचेरीतले लोक हसायचे, कारण कागदावर दोन्ही प्रकारचे भारे पास होते. मीच पास केलेले होते.

रेघेवरून आपण पहिल्या दिवसापासून भांडलो. मी म्हणायचो, ती रेघ म्हणजे गंधकाची मळी आहे, मऊ असते, पोलादाच्या गिरणीत सळई लाटताना तीही लाटली जाते आणि लांबते. ओढ लांबीच्याच दिशेने असेल तर ती फारसा त्रास देत नाही, भीती असते ती डोळ्याला न दिसणाऱ्या टणक दाण्याची. तुम्ही म्हणायचात, डोळ्याला दिसणारी घाण सोडून न दिसणारी धरायची, हा कुठला न्याय? मी बापडा माणूस, माझ्याकडे तेव्हा फक्त पुस्तक होतं, पुरावा नव्हता. पुरावा तुम्हीच आणून दिलात, आणि तो मी खाऊन टाकला.

अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात, आमच्याच समाजाच्या बौद्धवाड्यातल्या हापशावर, सळई तुटली. तिथली पारूबाई दांडा खाली दाबत होती. ओझं एकदम नाहीसं झालं, दांडा खाली आपटला, बाई तोल जाऊन हापशाच्या लोखंडी डोक्यावर पडली. जबडा मोडला, पुढचे दात गेले. त्याच आठवड्यात आणखी दोन गावांत सळया तुटल्या. तिन्ही तुमच्या हातच्या, तुम्ही पाक म्हणून निवडलेल्या. नव्या जिल्ह्यातली ही पहिलीच चौकशी होती आणि साहेबांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं की जिल्ह्याला डाग लागता कामा नये. ज्या बाईचा जबडा बांधलेला होता, तिला डाग वगैरे कुणी विचारलं नाही. तिचा जबाबच घेतला नाही. पुढे मी तिला भेटलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी आपटला न्हाई ओ दांडा. मी पानी काढत होते."

तुम्ही तुटलेलं टोक रुमालात बांधून थेट माझ्याकडे आलात. कचेरीत जमा करायच्या आधी. सगळे आटे नीट बघा म्हणालात, माझी चूक असेल तर तोंडावर सांगा. मी म्हणालो, दोन दिवस द्या. तुम्ही नांदेडला कुणा नातेवाइकाकडे थांबलात.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मी आधी आटे मोजले. खोली बरोबर, अंतर बरोबर, तळाशी गोलाई अशी की बोट फिरवत राहावं. मग तुटलेल्या तोंडावर भिंग धरलं. तळं आटत जातं तेव्हा काठावर एकाआत एक ओल्या रेघा राहतात, तशा रेघा होत्या, आणि त्या सगळ्या एका बिंदूभोवती होत्या. आट्याच्या तळाशी, अगदी पृष्ठभागालगत. तिथली चकती कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. एक करडा, कंगोऱ्यांचा दाणा होता, केसाच्या जाडीएवढा. शेजारी आणखी दोनतीन.

मला ते काय आहे हे लगेच कळलं. पोलाद वितळलेलं असताना त्यातला प्राणवायू काढायला ॲल्युमिनियम टाकतात. त्याचा टणक खडा होतो. तो वर तरंगून मळीबरोबर निघून जायला थोडा वेळ द्यावा लागतो. घाई केली की तो आत राहतो आणि पोलाद त्याच्याभोवती थिजतं. सळई ओढली की पोलाद ताणलं जातं, हा खडा ताणला जात नाही. मग ओढ त्याला वळसा घालून जाते आणि त्याच्या कडेला दाटी करते, दुप्पट तिप्पट. एकदाच ओढलं तर तिथलं पोलाद जरासं सरकतं आणि दाटी पांगते, म्हणून आमच्या यंत्रात सळई पास होते. पण रोज हजारो वेळा ओढ-सोड, ओढ-सोड झाली की त्या कडेला चीर पडते आणि रोज थोडी पुढे सरकते. आट्याचा तळ मुळातच नाजूक जागा, कितीही सुंदर पाडलेला असो. तिथे नेमका खडा आला की संपलं. आणि हा खडा तुमच्या तिरप्या उन्हात दिसणार नव्हता. तुमची पाक सळई दिसायला स्वच्छच होती. तुम्ही मऊ घाण बघून चांगल्या सळया टाकत होतात आणि टणक घाण पोटात असलेल्या निवडत होतात. तुमचं भांडण अर्धं बरोबर होतं, गफूरभाई. पोलादात खोट होती. खूण तेवढी चुकीची धरलेली होती.

मी दोन पानांचं टिपण लिहिलं. चित्र काढलं, दाण्याची जागा बाणाने दाखवली. ते घेऊन आमच्या प्रमुखांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं की हे आपल्याला कुणी विचारलं आहे का. मी म्हणालो, नाही, पण सळई पोलादामुळे तुटली आहे. ते म्हणाले, मग पोलाद कुठून आलं, घाईत कुणी मागवलं, कुणी पास केलं, हे प्रश्न येतील. "पास केलं, तिथे सही कुणाची आहे?" असं त्यांनी अगदी मायेने विचारलं. सही माझी होती.

त्यांनी टिपण माझ्यासमोर फाडलं नाही. ते तेवढे वाईट नव्हते. टिपण मलाच परत दिलं आणि म्हणाले, घरी ने. मी घरी नेलं आणि चुलीत घातलं. मग साहेबांचं रीतसर पत्र आलं, आणि त्याला उत्तर म्हणून मी एक वाक्य लिहिलं. ते मला झोपेतून उठवलं तरी पाठ आहे: "सळईची ताणशक्ती समाधानकारक असून आटे पाडण्यातील दोषाची शक्यता नाकारता येत नाही." बघा कसं लिहिलंय. कुठेही खोटं नाही. शक्यता तर कुठल्याच गोष्टीची नाकारता येत नाही. मी मराठीच्या मास्तरासारखा शब्द निवडून एका माणसाचा हात तोडला. खाली सही केली, शिक्का मारला, तुकडा सोबत जोडला. तो तुकडा पुढे कुठल्या कपाटात गेला, देव जाणे.

ते पत्र यायच्या आधीच, दोन दिवस संपल्यावर, तुम्ही संध्याकाळच्या गाडीला निघालात तेव्हा स्टँडवर विचारलंत, "बघितलं का मास्तर?" मी म्हणालो, बघितलं, काही दिसलं नाही. तुम्ही मान हलवलीत. माझ्या खांद्यावर हात ठेवलात. तुम्हाला वाटलं, मला वाईट वाटतंय.

पंधरा दिवसांत तुम्हाला वर्कशॉपातून काढलं. साहेबांची बदली झाली, बढतीवर. पारूबाईचं तोंड वाकडं ते वाकडंच राहिलं. त्या पोलादाच्या राहिलेल्या भाऱ्यांचं काय झालं म्हणाल, तर ते वापरले. आटे दुसऱ्याने पाडले. त्याही सळया तुटल्या, पण तोवर पाऊस झाला होता आणि हापशाकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

तुम्ही औशाला येऊन लातूर रस्त्याला लेथ टाकलीत. मी लाजेने वर्षभर आलो नाही, आणि एकदा आलो तो येतच राहिलो. कधी नांदेडहून मुद्दाम, कधी कामाच्या वाटेवर. तुमची लेक नसीम फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून मला मास्तरचाचा म्हणते. माझ्या मुलाच्या लग्नात तुम्ही तीन दिवस आधी येऊन पाण्याच्या मोटरीपासून मांडवाच्या बोल्टापर्यंत सगळं बघितलंत. माझी बायको गेली तेव्हा तुम्ही पंधरा दिवस रोज फोन केलात, आणि रोज तोच प्रश्न विचारलात, जेवलात का. माझ्या सख्ख्या भावाने एवढं केलं नाही. हे सगळं तुम्ही एका अशा माणसासाठी केलंत, ज्याने तुमचा पुरावा चुलीत घातला होता. मला त्या प्रत्येक चहाचा आज राग येतो. का पाजलात?

आणि प्रत्येक वेळी रेघेचं भांडण. तुम्ही घासलेली सळई उन्हात धरून म्हणायचात, "बघा, हीच ती हरामखोर." मला एका वाक्यात भांडण मिटवता आलं असतं. पण ते वाक्य असं होतं की तुमच्या सळईचा दाणा मी डोळ्यांनी बघितला आहे. ते बोलायचं नव्हतं, म्हणून मी पुस्तकातलं बोलत राहिलो, आणि पुस्तकातलं तुम्ही कधीच मानलं नाही. लोकांना वाटायचं, दोन म्हातारे हट्टी आहेत. तुम्ही हट्टी होतात. मी भित्रा होतो.

एक गोष्ट मी बघत होतो आणि न बघितल्यासारखं करत होतो. तुमच्या हातावरचा तुमचा विश्वास उडाला होता. पूर्वी आटे पाडून झाले की अंगठ्याचं नख फिरवायचात आणि पुढच्या कामाला लागायचात. नंतर तुम्ही भिंग घेतलंत. एकदा बघायचात, पुसायचात, पुन्हा बघायचात. ट्रॅक्टरवाले कंटाळायचे. चांगले पाडलेले आटे तुम्ही कापून टाकायचात आणि नव्याने पाडायचात. मी समोर स्टुलावर बसून बघायचो, गफूरभाई. त्यांत काही खोट नाही हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत असायचं.

शेवटचं भेटलो ते लातूरच्या दवाखान्यात. बोलताना तुम्हाला धाप लागत होती. नसीम औषधं आणायला खाली गेली होती. तुम्ही उजवा हात चादरीबाहेर काढून उलटासुलटा करून बघितलात आणि विचारलंत,

"मास्तर, खरं सांगा. खोट माज्याच आट्यात असंल का?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. माझं पेन्शन चालू आहे, माझे प्रमुख कधीच वारले, साहेबांना कुणी ओळखत नाही. मला कुणाचीही भीती उरली नव्हती. मी म्हणालो, जाऊ द्या आता, त्याचं काय. तुम्ही हात पुन्हा चादरीखाली घेतलात. मी मोसंबी सोलून दिली. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तिसऱ्या दिवशी जियारतीला जमलेले लोक पांगल्यावर मी नसीमसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. दाण्यापासून मोसंबीपर्यंत. ती रडली नाही. लेथ आता तीच चालवते, हात तुमच्याच वळणाचा आहे. तिने आधी मला तीनचार प्रश्न विचारले, सगळे कामाचे. दाणा कसा ओळखायचा, घासून दिसतो का, मग बिनदाण्याची सळई कशी निवडायची, कुणाकडून कागद मागायचा. मी सांगत गेलो. मग तिने विचारलं की रेघवाली सळई ओढायच्या कामाला चालली असती का. मी म्हणालो, बऱ्याचशा चालल्या असत्या.

ती उठली आणि मला दुकानाच्या मागे घेऊन गेली. तिथे मी कधी गेलो नव्हतो. भिंतीला लागून माझ्या छातीपर्यंत येईल एवढा सळयांचा ढीग होता, गंजून लाल झालेला. खालच्या सळया मातीत रुतल्या होत्या, मधून बाभळ उगवली होती. तुम्ही इतक्या वर्षांत रेघ दिसली म्हणून टाकलेल्या. भंगारवाल्यालाही तुम्ही त्या दिल्या नाहीत, कारण तो कुणालातरी विकेल आणि कुणाचातरी जबडा मोडेल. नसीम म्हणाली की अब्बा आजारी पडायच्या आदल्या आठवड्यातही एक इथे आणून टाकून गेले, आणि ती टाकताना त्यांना दम लागला होता.

मी त्या ढिगाला हात लावला. तुमच्या कबरीपाशी मला रडू आलं नव्हतं, तिथे आलं. मी तिची माफी मागायला लागलो. तिने मला बोलू दिलं नाही.

"माफी मला मागू नगा, मास्तरचाचा. ज्याची होती तो गेला," ती म्हणाली. "रईवारी गॅरेजवाले, लेथवाले समदे जमणार हायत. ते सायबबी येणार हायत. तितं उभं राहून वाचा."

मी विचारलं, काय वाचू. ती म्हणाली, जे आता बोललात ते, आणि कुठंच गोल बोलू नका. मग आत जाऊन तिने लेथ सुरू केली. मी तिथून निघेपर्यंत तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि ती चहा घ्या म्हणाली नाही. त्या घरात मला पहिल्यांदा माझ्या लायकीची वागणूक मिळाली.

म्हणून हे लिहिलं. उद्या रविवार आहे. तुमच्या दुकानासमोर सतरंज्या टाकतील, साहेबांना खुर्ची देतील. पारूबाईच्या मुलाला मी निरोप पाठवला आहे, तो आईला घेऊन येतो म्हणाला. ती आता ऐंशीच्या घरात आहे, तिला ऐकायला कमी येतं, म्हणून मोठ्याने वाचावं लागेल. साहेब मध्येच उठून गेले तर जाऊ देत, मी थांबणार नाही. वाचून झाल्यावर लोक मला काय म्हणायचं ते म्हणतील, आणि ते बरोबरच असेल.

तुम्ही दवाखान्यात विचारलंत त्याचं उत्तर नाही असं आहे, गफूरभाई. तुमचे आटे बरोबर होते. मी ते मोजले होते.